हळदीकुंकवाच्या जागी सहल

सांगलीतल्या बहुतेक महिला मंडळांचे वर्ष एका ठरलेल्या क्रमाने सरते. श्रावणात मंगळागौरीचे खेळ, अश्विनात हादगा आणि खिरापत, कोजागरीला मसाल्याचे दूध, दिवाळीच्या तोंडावर फराळाच्या पदार्थांची विक्री आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू. आमच्या मंडळाचाही हाच क्रम आहे. फक्त शेवटच्या ठिकाणी एक बदल झालेला आहे. संक्रांतीचे सामुदायिक हळदीकुंकू आम्ही थांबवले आणि त्याच्या जागी सहल सुरू केली. संक्रांतीनंतरच्या एखाद्या रविवारी सकाळी निघायचे आणि दिवेलागणीला घरी परतायचे, एवढीच ही सहल असते. हा बदल का करावा लागला आणि यंदाच्या सहलीने आम्हाला काय दिले, ते नीट लिहून ठेवावे असे मला मनापासून वाटते, कारण आजूबाजूच्या काही मंडळांतही सध्या हाच विषय निघालेला आहे.

पूर्वीचा आमचा कार्यक्रम देखणा असे, यात शंका नाही. भाड्याच्या सभागृहात दारापासून रांगोळी काढलेली असायची, चांदीच्या गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडले जायचे, मनगटाला अत्तर लागायचे, ओटीत गव्हाबरोबर बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे आणि गाजराचे तुकडे पडायचे आणि शेवटी वाण लुटले जायचे. काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेल्या नव्या सुना आणि बोरन्हाणासाठी नटवून आणलेली लहान मुले यांनी सभागृह भरून जायचे. परंतु याच मंडळाचा हिशेब गेली कित्येक वर्षे चोख ठेवणाऱ्या आमच्या काकू त्या दिवशी कधीच दिसत नसत. सभागृह ठरवायला त्या असत, वाणाच्या वस्तू घाऊक बाजारातून भाव करून आणायला त्या असत, आदल्या दिवशी तिळगुळाच्या पुड्या बांधायलाही त्या असत. आणि नेमक्या कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना “जरा बरं नसायचं”. काकांना जाऊन बराच काळ लोटला होता. त्यांना येऊ नका असे कोणीही म्हटलेले नव्हते, आणि या म्हणा असेही कोणी म्हणत नव्हते. अशा आणखी तिघी-चौघी होत्या. त्यांतली एक तर तिशीतली, दोन मुलांना घेऊन माहेरी राहणारी आणि शिवणकामावर घर चालवणारी. एखादी आली, तरी ती स्वयंपाकघराच्या बाजूला बशा भरत राहायची आणि हळदीकुंकवाचे तबक तिच्यापर्यंत येण्याआधीच दुसरीकडे वळायचे.

मे २०२२ मध्ये शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे हे प्रकार गावात होऊ द्यायचे नाहीत, असा तो ठराव होता आणि त्याच महिन्यात राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींनी हेरवाडचा कित्ता गिरवावा, असे परिपत्रक काढले. हेरवाड आमच्यापासून फार दूर नाही. तिकडे कोणाचे माहेर आहे, तर कोणाची नणंद दिलेली आहे. त्यामुळे ती बातमी आमच्या शनिवारच्या बैठकीत आली आणि तिथेच थांबली नाही. एका खेड्याच्या पंचायतीने जे धाडस केले, ते शहरातल्या शिकल्यासवरल्या बायकांच्या मंडळाला का जमू नये, हा प्रश्न आमच्यातल्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी सरळ विचारला.

त्यावरची चर्चा सोपी नव्हती आणि ती एका बैठकीत संपलीही नाही. विरोध करणाऱ्यांना मागासलेल्या म्हणून मोकळे व्हावे, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. आमच्यात वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या अक्का म्हणाल्या, “हळदीकुंकू माझ्या सासूबाईंनी मला हाताला धरून शिकवलं. त्या काळी घराबाहेर पडायला आम्हाला दुसरं निमित्तच नव्हतं. ते तुम्ही एका ठरावानं काढून टाकणार का?” त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. ज्या काळात सुनेला वाड्याच्या दिंडीदरवाजाबाहेर जायला कारण द्यावे लागे, त्या काळात संक्रांत, चैत्रगौर आणि मंगळागौर याच तिच्या सुट्या होत्या. शेजारच्या आळीत जाऊन बसता येत होते, चार बायकांशी बोलता येत होते, माहेरची खबर कळत होती. मग मुख्याध्यापिका बाईंनीच तोच धागा पुढे नेला. हळदीकुंकवाने बायकांना घराबाहेर काढले हे खरे असेल, तर मंडळाने त्यातला बाहेर पडण्याचा भाग घट्ट धरावा आणि ज्यामुळे काहीजणी आतच राहतात तो भाग सोडावा, असे त्या म्हणाल्या. घरी ज्यांना हळदीकुंकू करायचे त्यांनी ते आनंदाने करावे, कोणाला बोलवायचे हे त्यांनी ठरवावे. मंडळाच्या नावाने आणि मंडळाच्या पैशातून होणारा कार्यक्रम मात्र सर्व सभासदांचाच असला पाहिजे. तिळगूळ सर्वांना, वाण सर्वांना, आणि कार्यक्रम म्हणून सहल. अक्कांनी थोडा विचार केला आणि “गाडीत मला पुढची जागा पाहिजे” एवढीच अट घातली.

सहलच का, असे पुष्कळजणी विचारतात. सभागृहातला कार्यक्रम तबकाभोवती फिरतो आणि तबक आले की कोणापुढे धरायचे आणि कोणापुढे नाही, हा प्रश्न येतोच. नियम बदलला तरी बसण्याच्या जागा, पुढे-मागे होणे, संकोच हे लगेच जात नाही. बसमध्ये हे सारे आपोआप बाजूला पडते. तिथे खिडकीजवळची जागा, गाडी लागणारीला मिळणारी आवळ्याची सुपारी आणि भेंड्यांमधला आवाज यांचा सौभाग्याशी संबंध नसतो. शिवाय एक गोष्ट मी अनेक वर्षे पाहते आहे. सणाची सुटी घरातल्या सर्वांना असते, फक्त स्वयंपाकघर सांभाळणारीला नसते. भोगीच्या दिवशी तीळ लावून बाजरीच्या भाकऱ्या थापायच्या, लेकुरवाळी भाजी करायची, खिचडी टाकायची, दुसऱ्या दिवशी गुळाच्या पोळ्या लाटायच्या आणि आल्या-गेल्याच्या हातावर तिळगूळ ठेवायचा, यात सण संपतो आणि बाईच्या वाट्याला कंबरदुखी येते. म्हणून सणाच्या पाठोपाठ येणारा एक पूर्ण दिवस तिचा असावा, हा आमचा आग्रह आहे.

तयारीविषयी थोडे लिहिते, कारण ज्यांना अशी सहल काढायची आहे त्यांना त्याचाच उपयोग होईल. आम्ही मार्ग ठरवतो तो आधी स्वच्छतागृहांच्या हिशेबाने. हे वाचून कोणाला नवल वाटेल, पण प्रवासात सोय होणार नाही या भीतीने बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि नंतर आठवडाभर त्याचा त्रास काढतात. त्यामुळे दर दीड-दोन तासांच्या टप्प्यावर एखादे देवस्थानाचे भक्तनिवास, एखादी शाळा किंवा सभासदाच्या नातेवाइकांचे घर आधी फोन करून पक्के केले जाते आणि मगच बाकीची ठिकाणे त्यात बसवली जातात. वर्गणी दोन हप्त्यांत घेतली जाते. जिला ती जड जाते तिची रक्कम दिवाळीच्या फराळविक्रीतून उरलेल्या पैशातून भरली जाते आणि ते नाव काकूंच्या वहीखेरीज कुठेही जात नाही. “घरी विचारून सांगते” असे म्हणणाऱ्या सुनांच्या घरी अक्का स्वतः जातात. त्यांना नाही म्हणणारी सासू अजून कोणाला भेटलेली नाही. आम्ही एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतो. एक मात्र नमूद केले पाहिजे की, मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्यानंतर सहलीची सवय लागलेल्या आमच्या बायका एरवीही दोघी-तिघी मिळून नरसोबाच्या वाडीला, तासगावच्या गणपतीला, कधी थेट पंढरपूरला जाऊन येऊ लागल्या आहेत.

यंदाचा मार्ग नांद्रे, वसगडेवरून भिलवडी, पूल ओलांडून औदुंबर आणि अंकलखोप, तिथून परत पलूसकडे येऊन किर्लोस्करवाडी, कुंडल आणि शेवटी सागरेश्वर असा होता. सगळा प्रवास आपल्याच जिल्ह्यातला. लांबच्या सहलीत अर्धा दिवस गाडीतच जातो आणि उरलेला रांगेत, हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत. जिल्ह्यातली गावे लग्नकार्याच्या निमित्ताने सर्वांनी पाहिलेली असतात असे म्हणतात, पण लग्नाला गेलेली बाई मांडव पाहते, गाव पाहत नाही.

औदुंबरला आम्ही पोचलो तेव्हा कृष्णेवरचे धुके अजून पुरते उठलेले नव्हते. नृसिंह सरस्वतींनी येथे चातुर्मासात वास्तव्य केले अशी श्रद्धा आहे आणि त्यांच्या पादुकांचे दर्शन घेण्यासाठी घाट उतरून येणाऱ्यांची वर्दळ सकाळपासूनच होती. पलीकडच्या तीरावर भिलवडीच्या बाजूला भुवनेश्वरीचे देऊळ आहे. उंबराच्या दाट सावलीतला तो घाट, पायऱ्यांवरचा गारवा आणि खाली संथ वाहणारे जानेवारीचे पाणी पाहताना हीच नदी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कशी शिरली होती, ते सर्वांच्याच मनात आले. तेव्हा आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. धोक्याची पातळी ४५ फूट. पूर न आलेल्या भागातल्या आमच्या सभासदांनी त्या दिवसांत घरोघर फिरून भाकऱ्या गोळा केल्या, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात लहान मुलांच्या दुधाची आणि मुलींना लागणाऱ्या सॅनिटरी पॅडची सोय केली. भाकरी सर्वांना आठवते. पॅडची मागणी मात्र एका बाईने दुसऱ्या बाईच्या कानात सांगितली तेव्हाच कळली. मंडळ म्हणजे केवळ करमणूक नव्हे, हे आमच्या घरच्या पुरुषांना त्या आठवड्यात प्रथम उमगले असावे.

याच औदुंबरात मकर संक्रांतीच्या दिवशी दरवर्षी साहित्य संमेलन भरते. कवी सुधांशू याच गावचे, आणि सदानंद साहित्य मंडळाने हे संमेलन नदीकाठी, झाडांच्या सावलीत इतकी वर्षे चालवले आहे. आमच्यातल्या दोघी घरची पुरणा-वरणाची घाई बाजूला ठेवून संक्रांतीच्या दिवशीच तिकडे जाऊन आल्या होत्या. घाटावर बसून त्यांनी तिथे ऐकलेल्या कविता आम्हाला सांगितल्या. सणाच्या दिवशी बाईने साहित्य ऐकायला जावे याचे मला मोठे कौतुक वाटते आणि पुढे तिथे मंडळाच्या नावाने आणखी काहीजणींना पाठवावे असे मी बैठकीत सुचवणार आहे.

अंकलखोपला आमच्या एका वहिनींचे माहेर आहे. त्यांच्या भावाच्या रानात हळदीची काढणी चालू होती आणि ती पाहण्यासाठीच आम्ही तिथे थांबणार होतो. सांगलीची बाई हळदीविषयी अभिमानाने बोलते. मार्केट यार्डातले सौदे, राजापुरी हळद, हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत वर्षानुवर्षे साठवलेला माल, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे तिला ठाऊक असते. परंतु हळद जमिनीतून निघताना आमच्यातल्या निम्म्याअधिक जणींनी पाहिलेली नव्हती. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावलेले बेणे नऊ महिने रानात राहते. पाने पिवळी पडून वाळली की ती कापून घेतात, काही दिवस जाऊ देतात आणि मग गड्डे उपटून काढतात. मधला तो गड्डा आणि त्याला फुटलेली ती हळकुंडे. दोन्ही वेगळी केली जातात. पूर्वी ती मोठ्या काहिलीत, वर हळदीचाच पाला दाबून शिजवत असत, आता वाफेवर चालणारी यंत्रे आली आहेत. शिजल्यानंतर उन्हात ती पंधरा-पंधरा दिवस वाळवावी लागतात, मग फिरत्या पिंपात घासून पॉलिश होते, आणि ओल्या मालाचा साधारण पाचवा हिस्सा तेवढा हाती लागतो. आपण पन्नास-शंभर ग्रॅमची पुडी घेतो तिच्यामागे एवढे काबाड असते.

रानात बायकांची एक टोळी ओळीने बसून हळकुंडे मोडत होती. गड्डा डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने हळकुंडे एकेक करून खुडायची, माती झटकायची आणि दोन वेगळ्या ढिगांत टाकायची. हे इतक्या वेगाने चाललेले होते की नजर ठरत नव्हती. नखांच्या कडा, तळहाताच्या रेषा, मनगटापर्यंतची कातडी पिवळीधमक झालेली. त्यांच्यातल्या एका मावशींच्या शेजारी आमच्या हिशेबाच्या काकू जाऊन बसल्या आणि हात लावून पाहू लागल्या. मावशींच्या कपाळावर कुंकू नव्हते. बोलता बोलता त्यांनी शेजारणीच्या चंचीतला चुना बोटाच्या टोकावर घेतला, खलून ठेवलेली थोडी हळद तळहातावर घेतली, पाण्याचा थेंब टाकला आणि बोटाने घासली. पाहता पाहता ती हळद गर्द लाल झाली. “ह्ये बगा, झालं कुक्कू,” असे म्हणून त्यांनी तो हात काकूंपुढे धरला आणि मग पदराला पुसून पुन्हा कामाला लागल्या. जुन्या काळी कुंकू हळदीपासूनच, चुना आणि लिंबाच्या रसाच्या प्रक्रियेने केले जात असे, हे मी पुस्तकात वाचलेले होते. डोळ्यांसमोर घडताना पाहिले ते त्या दिवशी.

त्या टोळीतल्या बायकांशी आम्ही बराच वेळ बोललो. काहींचे नवरे होते, काहींचे नव्हते, एकीला नवऱ्याने टाकलेले होते. कामाच्या जागी याची कोणी चौकशी करत नाही. हळद ज्या हातांनी जमिनीतून निघते, मोडली जाते, शिजते आणि वाळते, त्या हातांना त्या वेळी कोणी अशुभ म्हणत नाही. तीच हळद तबकात गेली की तिला नियम लागू होतात. हे मी तिथे कोणाला ऐकवले नाही. मात्र अक्का बसमध्ये बसताना मला म्हणाल्या, “मंडळाचं ठरलं ते बरंच झालं गं,” आणि त्यांच्या तोंडून हे ऐकण्यासाठी मी दोन वर्षे वाट पाहिली होती.

जेवण वहिनींच्या माहेरच्या ओसरीवर झाले. कृष्णाकाठच्या वांग्यांची भरली भाजी, ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, गाडग्यातले घट्ट दही आणि वर शेजारच्या गुऱ्हाळातून आणलेली गरम काकवी. वांग्याची चव जमिनीत असते हे मान्य करावेच लागते. तेच मसाले घेऊन मी घरी किती वेळा प्रयत्न केला असेल. पंगतीत वाढायला वहिनींचे भाऊ आणि भाचे होते, ही अट आम्ही आधीच घातली होती आणि त्यांनी ती मनापासून पाळली.

दुपारनंतरचा भाग मुख्याध्यापिका बाईंनी स्वतःकडे घेतला होता. किर्लोस्करवाडी म्हटले की आपल्याला कारखाना, नांगर आणि पंप आठवतात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळरानावर, कुंडल रोड स्टेशनाजवळ ही वसाहत उभी केली, हेही शाळेत शिकवतात. पण याच आडबाजूच्या गावातून शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये ‘स्त्री’ हे मासिक सुरू केले, हे आमच्यातल्या तरुण सभासदांना ठाऊकच नव्हते. पुढे हे काम पुण्याला गेले, परंतु महाराष्ट्रातल्या लिहित्या-वाचत्या बायकांच्या किमान दोन पिढ्या ज्या मासिकावर वाढल्या, त्याचा आरंभ सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या वसाहतीत झाला. अक्कांच्या सासूबाई लपवून ते वाचत असत, अशी आठवण त्यांनी तिथेच सांगितली. तांदळाच्या डब्याच्या मागे अंक ठेवायचा आणि दुपारी पुरुषमंडळी झोपली की काढायचा. ज्या सासूबाईंनी हळदीकुंकू शिकवले, त्याच या सासूबाई. आम्ही तिथे रस्त्याकडेच्या झाडाखाली सतरंज्या टाकून बसलो आणि बाईंनी बरोबर आणलेल्या जुन्या अंकांच्या काही पानांच्या प्रती हातोहात फिरवल्या. शिवणकाम करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने एक पान मोठ्याने वाचून दाखवले. मंडळाच्या बैठकीत ती एरवी मान वर करून बोलत नाही, म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे.

कुंडल हे तिथून अगदी जवळ. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चालले, त्याचे कुंडल हे प्रमुख केंद्र. क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड याच गावचे. बाईंनी मात्र हौसाताई पाटलांची गोष्ट निवडली. नाना पाटलांची ही कन्या तुफान सेनेच्या, म्हणजे प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाच्या, कामात होती. भवानीनगरच्या पोलिस ठाण्यासमोर तिने नवऱ्याचा मार खाणाऱ्या बायकोचे सोंग वठवले. भांडण सोडवायला पोलिस बाहेर आले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली हत्यारे पळवली. हौसाताई सप्टेंबर २०२१ मध्ये वृद्धापकाळाने गेल्या. म्हणजे परवापरवापर्यंत त्या आपल्याच जिल्ह्यात, विट्याला होत्या आणि आमच्यापैकी कोणीही त्यांना भेटायला गेले नव्हते. विट्याला जायला असा कितीसा वेळ लागतो? आपल्या भागातल्या अशा वयोवृद्ध स्त्रियांची नावे काढून त्यांना भेटायचे आणि त्यांचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवायचे, असा उपक्रम मंडळाने आता हाती घेतला आहे. सुरुवात अक्कांपासूनच झाली आहे. त्यांच्या तोंडून हादग्याची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि नागपंचमीची फेराची गाणी उतरवून घेण्याचे काम दोन महाविद्यालयीन मुली करत आहेत.

सागरेश्वरला पोचेपर्यंत उन्हे कलली होती. उजाड डोंगरांवर धों. म. मोहिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झाडे लावून हे अभयारण्य घडवले. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि त्याचे क्षेत्र ११ चौरस किलोमीटरच्या आतले आहे. वर चढून हरणे पाहण्याइतका वेळ नव्हता आणि अक्कांच्या गुडघ्यांना ते झेपलेही नसते, म्हणून आम्ही खालच्या जुन्या देवळांच्या आवारातच थांबलो. तिथे फुगड्या झाल्या, झिम्मा झाला, पिंगा झाला. इतर मंदिरांत येणाऱ्या दोन अनोळखी मुलीही आमच्यात येऊन खेळून गेल्या.

वाण तिथेच दिले. अंकलखोपच्या त्या रानातली गेल्या हंगामातली दळलेली हळद आम्ही आधीच सांगून ठेवली होती. तिच्या पुड्या काकूंनीच बांधल्या होत्या आणि त्या वाटल्याही त्यांनीच. प्रत्येकीच्या हातावर तिळगूळ, मग पुडी. जिला वाटेल तिने चिमूटभर कपाळाला लावावी, जिला वाटेल तिने फोडणीत घालावी. आमच्यातल्या एक-दोघींना अजूनही हे सगळे पटलेले नाही आणि त्यांनी तसे स्पष्ट सांगितले आहे. तरी त्या सहलीला आल्या, आणि त्यांच्या घरच्या हळदीकुंकवाला मीही गेले.

या सहलीतून निघालेले आणखी एक काम म्हणजे हिमोग्लोबिनची तपासणी. हळदीच्या रानातल्या बायकांशी बोलताना चक्कर येणे, पायांत गोळे येणे, अंगावरून जास्त जाणे अशा तक्रारी वारंवार ऐकू आल्या, आणि परतीच्या वाटेवर लक्षात आले की आमच्या बसमध्येही त्याच तक्रारी आहेत. सभासदांपैकी एक प्रयोगशाळेत काम करते. तिच्या मदतीने फेब्रुवारीत आमच्या बैठकीच्या खोलीत आणि पुढच्या टप्प्यात अंकलखोपच्या त्या टोळीसाठी तपासणी करायची, असे ठरले आहे. रानातल्या कामाचा खाडा होऊ नये म्हणून ती संध्याकाळी ठेवावी लागेल.

पुढच्या वर्षीची सहल मिरजेला न्यावी, असा विचार चालू आहे. अंतर कमी, म्हणून यंदा गुडघ्यांमुळे न आलेल्यांनाही येता येईल. तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत भोपळ्यापासून वाद्य कसे तयार होते ते पाहता येईल, आणि ते काम करणाऱ्या घरांतल्या बायकांचा त्यात काय वाटा असतो, हेही विचारता येईल. वर्गणी या महिन्यापासूनच दरमहा थोडी थोडी जमा करायची आहे. काकूंनी नवी वही घातली असून पहिल्या पानावर अक्कांची पुढची जागा आधीच लिहून ठेवली आहे.